उठून जाणारी गिऱ्हाइकं

५ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोन मुद्दामच केला नाही. तुझ्या सलूनमध्ये फोन केला की तू सोडून बाकी सगळे बोलतात. मागच्या वेळी मी "जेवलास का?" विचारलं, तर खुर्चीतल्या माणसाने "हो, आत्ताच" म्हणून सांगितलं, आणि पोट जरा जड झालंय हेही सांगितलं. आज जे सांगायचंय ते नाजूक आहे, म्हणून पत्र.

मला ऑनर्ससाठी प्रबंध लिहायचा आहे. प्रबंध म्हणजे निबंधाचा थोरला भाऊ समज. निबंधात मनातलं लिहिलं तरी खपतं, प्रबंधात डोळ्यांनी पाहिलेलंच लिहावं लागतं. तो मार्चअखेर दिला आणि परीक्षकांना पटला, तरच अर्थशास्त्रातली ऑनर्सची पदवी, आणि ती असेल तरच पुढच्या अभ्यासाची जागा. तिथल्या लोकांनी तसं स्वच्छ कळवलंय. नाहीतर साधी पदवी घ्यायची आणि गपगुमान घरी यायचं.

आधी मी सरांना म्हटलं, जगाच्या व्यापारावर लिहिते. सर म्हणजे आमचे गाईड, ज्यांच्या हाताखाली प्रबंध करायचा ते. आकाश कितीही निरभ्र असो, त्यांच्या काखेत छत्री असते, आणि तोंड उघडलं की पहिला शब्द "समजा". म्हणाले, "समजा, जगाचा व्यापार तुमच्याशिवायही चालेल. एखाद्या बाकावर बसून दिसेल असा विषय आणा." बाक म्हटल्याबरोबर मला तुझ्या दुकानातला बाकच दिसला.

तर विषय असा. माझं म्हणणं आहे, माणूस वाट बघायला कंटाळत नाही. किती वेळ वाट बघायची हे माहीत नसलं की कंटाळतो. म्हणजे दारात "साधारण इतका वेळ थांबावं लागेल" अशी पाटी असेल तर लोक निवांत बसतील, आणि पाटी नसेल तर कंटाळून उठून जातील. तू एक आठवडा पाटी लावायची, एक आठवडा काढायची. कोण बसलं, कोण केस न कापताच उठून गेलं, एवढं सोबतच्या तक्त्यांत भरायचं. बस्स.

गिऱ्हाइकांना मात्र यातलं अवाक्षर सांगायचं नाही. आपल्याकडे कोणी बघतंय हे कळलं की माणूस नेहमीसारखा वागत नाही. फोटो काढताना तू नाही का पोट आत घेत.

करशील ना? मामीला नमस्कार.

तुझी
भिंगरी

१७ जानेवारी

चि. भिंगरीस मामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वाचलं. (कोणी वाचलं ते महत्त्वाचं नाही.) माझी भाची प्रबंध लिहिते आहे, हे ऐकून छाती इतकी फुगली की कामाचा कोट घालताना बटणं लागेनात.

पण एक विचारू? तुला जगात माझंच दुकान सापडलं? माझ्या दुकानातून गिऱ्हाईक उठून जातं, असं तुला वाटलंच कसं? अगं, लोकांना उठवता उठवता माझ्या नाकी नऊ येतात. आमच्या हेडमास्तरांचंच घे. नोकरीतून निवृत्त झाले, पाठोपाठ डोक्यावरचे केसही निवृत्त झाले. तरी मी कुलूप उघडायच्या आधी दारात हजर. बाकाचा उजवा कोपरा त्यांचा. शेजारचा किल्ल्या बनवणारा दुपारभर आमच्याकडे असतो, कारण त्याच्या दुकानात पंखा नाही. समोरचा शिंपी दाढी करून घेतो आणि दाढी पुन्हा उगवायला लागेपर्यंत बसतो.

तरी तू सांगितलंस तसं मी डोळ्यांत तेल घालून बघितलं. या आठवड्यात पाटी लावली नव्हती. एकही माणूस उठला नाही. एकदा एक जण ताडकन उठला आणि दाराबाहेर गेला. माझा जीव भांड्यात पडला, लगेच तक्त्यात लिहिलं. तर तो सायकल सावलीत लावून परत आला. खोडून टाकलं.

पाटी रंगवून तयार आहे. रंगाऱ्याने अक्षरं एवढी मोठी काढली की "थांबावं लागेल" एवढंच मावलं, किती ते मावेना. मग त्याखाली एक छोटी पाटी टांगली.

पोरी, खात जा वेळेवर. प्रबंध काय, होतो.

तुझा
मामा

२४ जानेवारी

प्रिय मामा,

एकही नाही? अरे, एकसुद्धा नाही?

मी तक्ता घेऊन सरांकडे गेले. म्हणाले, "समजा, कोणी उठलंच नाही. तर तेच लिहा." तेच लिहू म्हणजे काय? अख्ख्या प्रबंधात एक ओळ? "कोणी उठलं नाही, समाप्त"? वर्गात एकीने बाजारातल्या भावांवर सत्तर पानं लिहून झालीत. मी वसतिगृहात आले, पलंगावर पडून पंख्याकडे बघत राहिले आणि ढसाढसा रडले. खोलीतल्या मैत्रिणीला वाटलं घरून काही वाईट बातमी आली.

पण मामा, तू काही करू नकोस हं! तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तू फक्त बघ. हात मागे बांधून बघ.

भिंगरी

५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तू रडलीस हे वाचून मामीने समोरचं ताट बाजूला सारलं. मीही सारणार होतो, पण निम्मं जेवण झालं होतं.

असो. आता डोळे पूस आणि ऐक. लोक उठायला लागले!

आणि उठतात म्हणजे काय, नुसतं बघत राहावं! शिंपी घड्याळाकडे बघतो, जिभेने च् च् करतो, "अहो, किती वेळ हा! माणसाला काही कामधंदा आहे की नाही?" म्हणतो आणि तरातरा निघून जातो. किल्लीवाला तर दार असं आपटतो की फण्या खाली पडतात. मी त्याला म्हटलं, बाबा, जरा हळू. म्हणाला, "हळू गेलं तर कंटाळा दिसत नाही."

आणि पाटी लावली की? पाटी लावली की जो तो फेविकॉल लावल्यासारखा चिकटतो. परवा एकाची बस निघून गेली, हलला नाही. पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, "कळलंय ना किती थांबायचं, मग प्रश्नच मिटला." अगदी तुझ्याच शब्दांत! तुझं अर्थशास्त्र किती खरं आहे बघ.

हे एकदम कसं झालं ते मला विचारू नकोस. हवापालट असेल.

भरलेले तक्ते सोबत आहेत.

मामा

ता.क. मामी म्हणते, पत्र लांबवू नका, तोंडातून काहीतरी निसटेल. म्हणून थांबतो.

१४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तक्ते मिळाले! मी खोलीत नाचले. म्हणजे माझं म्हणणं बरोबरच होतं! पहिली तीन प्रकरणं लिहूनही टाकली. हे आपल्याला जमेल असं पहिल्यांदाच वाटतंय.

सरांनी मात्र तक्ते उजेडात धरून बघितले, उलटे करून बघितले. म्हणाले, "समजा, पट्टी घेऊन रेघ मारली, तरी ती इतकी सरळ येत नाही." मग त्यांनी काही शंका काढल्या, त्या तुला विचारते.

हेडमास्तर एकाच आठवड्यात पाच वेळा केस कापायला आले आणि पाचही वेळा उठून गेले? त्यांना टक्कल आहे ना?

किल्लीवाला दर वेळी बरोब्बर दुसऱ्या माणसाची दाढी संपतानाच कसा काय कंटाळतो?

आणि तुझ्या ओळखीचं नाही असं कोणी त्या दुकानात येतं की नाही?

मी सरांना ठणकावून सांगितलं, माझ्या मामाला खोटं बोलता येत नाही, कानापर्यंत लाल होतो. सर "हं" म्हणाले. मग तुझ्या दुकानाचा पत्ता विचारून घेतला. बहुतेक प्रबंधात द्यावा लागत असेल.

भिंगरी

२३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या सरांना सांग, हेडमास्तरांच्या कानामागे अजून थोडे आहेत.

आता तक्ते भरून झालेत, तेव्हा तुला सगळं सांगूनच टाकतो. पोटात ठेवून ठेवून मला जेवण जाईना. अगं, ते लोक आपले आपण उठत नव्हते. आम्ही उठवत होतो! त्याचं असं झालं, तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा माझे हात साबणाने भरलेले. म्हणून शिंप्याने ते फोडून मोठ्याने वाचलं. "गिऱ्हाइकांना अवाक्षर सांगायचं नाही" ही ओळ आली तोवर सगळ्यांना सगळं कळलेलं. मग तू रडल्याचं पत्र आलं. तेही शिंप्यानेच वाचलं. हेडमास्तर उठून उभे राहिले, म्हणाले, "पोरीचं वर्ष वाया जाता कामा नये. कोण कधी उठणार, मी ठरवून देतो." त्यांनी शाळेसारख्या पाळ्या लावून दिल्या.

आणि परवा तर गंमतच झाली. तू अनोळखी माणसाचं विचारलं होतंस ना? आला! वाळकासा, चष्मा लावलेला, बाहेर लख्ख ऊन आणि काखेत छत्री. बाकावर टेकला.

मी म्हटलं, "बसा साहेब. पण बसून राहू नका."

"म्हणजे?"

"आज पाटी नाही. पाटी नसली की उठायचं असतं."

"समजा, मला बसायचं असेल तर?"

"तर पुढच्या आठवड्यात या."

गडी गोंधळला. मग मी त्याला तुझा प्रबंध नीट समजावून सांगितला. तो इतक्या एकाग्रतेने ऐकत होता की मला वाटलं, हुशार माणूस आहे, याला घेऊ. म्हटलं, "तुम्ही अनोळखी, तुमचं उठणं जास्त वजनदार. ती समोरची दाढी संपली की वैतागून निघून जायचं, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचं. एवढं माझ्या भाचीसाठी कराच."

उठला बिचारा. पण हेडमास्तरांना पसंत पडेना. "अहो, हे काय उठणं झालं? पाहुण्यांचा निरोप घेतल्यासारखं? वैताग दिसू द्या!"

त्याने पुन्हा केलं. "छे! काय हे!"

"'छे' ठीक होतं. 'काय हे' पुन्हा म्हणा. पोटातून म्हणा."

तिसऱ्या वेळेला शिंप्यानेसुद्धा मान डोलावली. मग मी खूश होऊन त्याला नंबर नसताना खुर्चीत घेतलं. कापड बांधलं, डावी बाजू भादरून झाली, तेव्हा त्याने विचारलं, "तुमच्या भाचीला हे सगळं ठाऊक आहे?"

"छे हो! तिला कळलं तर माझे कान जागेवर राहतील का? पोर भोळी आहे. तिला वाटतं लोक आपापल्या मनानेच उठतात."

"समजा, तिला कळलं तर?"

"कळणार कसं? तुम्ही सांगणार आहात का?"

यावर तो आरशात माझ्याकडे बघत राहिला. आणि भिंगरे, काय सांगू! तसाच उठला, गळ्याला कापड, काखेत छत्री, डावीकडे वाळवंट आणि उजवीकडे जंगल, आणि चालायला लागला! मी ओरडलो, "अहो साहेब, आता नाही उठायचं! आता तुमचं झालं!" पण ऐकायलाच तयार नाही. हेडमास्तर म्हणाले, "याला म्हणतात उठणं. असा गुणी विद्यार्थी मला अख्ख्या नोकरीत मिळाला नाही."

मी त्याची नोंद लाल शाईने केली आहे. कापड गेलं, पण तुझ्या प्रबंधापुढे एका कापडाचं काय?

तुझा
मामा

२७ फेब्रुवारी

मामा,

तो माणूस आमचे गाईड सर होते.

बसून वाच. उठू नकोस.

ते वर्गात तसेच आले, पुन्हा कुठल्या सलूनच्या खुर्चीत बसायचा धीर झाला नसावा. दाराकडे वळले की एक माणूस दिसायचा, खिडकीकडे वळले की दुसराच. कोणाची हसायची हिंमत झाली नाही. तास संपल्यावर मला थांबवून घेतलं आणि धुऊन, घडी घालून आणलेलं तुझं कापड टेबलावर ठेवलं. म्हणाले, "समजा, मी एका दुकानात गेलो होतो." पुढे काही बोलायची गरज नव्हती, तुझं पत्र मला सकाळीच मिळालं होतं.

मग म्हणाले, "या सगळ्या तक्त्यांत एकच माणूस खरोखर वैतागून उठून गेला आहे. त्याची खात्री मी देतो." मला हसावं की रडावं कळेना.

त्यांना माहीत आहे की मला काही माहीत नव्हतं. तूच त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगितलंस. एवढ्यावर माझी अब्रू वाचली. पण तक्ते केराच्या टोपलीत गेले, आणि त्यांच्याबरोबर माझी तीन प्रकरणं. आता दोनच वाटा. साधी पदवी घेऊन घरी यायचं, नाहीतर मार्चअखेरपर्यंत सगळं पहिल्यापासून करायचं. मी म्हटलं, पहिल्यापासून करते. म्हणायला म्हटलं. जमेल का, ठाऊक नाही.

मामा, मला तुझ्यावर खूप चिडायचं होतं. पण हेडमास्तरांनी सरांना "काय हे" पोटातून म्हणायला लावलं तिथे मला हसू फुटलं, आणि मग मी जास्तच चिडले. मला पास व्हायचं होतंच रे. पण त्याहून मला बघायचं होतं, मला जे वाटतं ते खरं आहे का. ते तू मला बघूच दिलं नाहीस.

आता काही दिवस पत्र लिहिणार नाही. वेळ नाही, आणि लिहिलं तर भांडेन.

भिंगरी

४ मार्च

चि. भिंगरीस,

तू लिहिणार नाहीस, हे योग्यच आहे. मी हे एकच लिहितो आणि गप्प बसतो.

या वेळी पत्र मी स्वतः वाचलं. हात धुऊन, आतल्या खोलीत, दार लावून. बाहेर सगळे ताटकळत बसले होते. बाहेर आलो तर कोणी विचारलं नाही काय लिहिलंय ते. माझं तोंड बघूनच समजले.

कटिंग झाली की आम्ही मागून दुसरा आरसा धरतो, माहीत आहे ना तुला? ज्याच्या टाळूवर चंद्र उगवायला लागलाय, त्याच्यासाठी मी तो आरसा जरासा खाली धरतो. त्याला मान दिसते, कडेचे केस दिसतात, टाळू दिसत नाही. तो मान हलवतो आणि शीळ घालत घरी जातो. इतकी वर्षं मला वाटायचं, कातर तर कोणीही चालवेल, आरसा धरणं हीच माझी खरी कला. तुझं पत्र वाचलं आणि कळलं, मी तुझ्यापुढेही आरसा खालीच धरला. तुला टाळूच बघायची होती. मी आपला मान दाखवत बसलो.

त्यानंतर मी एक दिवस सगळ्यांना आरसा सरळ धरायचं ठरवलं. पहिलाच शिंपी निघाला. त्याने बघितलं, "हे कोणाचं डोकं?" म्हणाला, आणि तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. आता कोणाला कसा धरायचा ते विचारूनच धरतो.

तुला वाटेल, दुकानात पुन्हा मोजून बघू. नको. मी सगळ्यांना बजावलं होतं, "आजपासून नेहमीसारखं वागा." तर कोणाला नेहमीसारखं वागताच येईना. हेडमास्तर बाकासमोर उभे राहून विचारतात, "मी नेहमी कोणता पाय आधी दुमडतो?" किल्लीवाला दारात येतो, आत यावं की न यावं या विचारात तिथेच उभा राहतो, आणि खरी गिऱ्हाइकं त्याच्यामागे रांग लावतात. तेव्हा तू आमचा नाद सोड. कुठेतरी जिथे तुझ्यावर माया करणारं कोणी नाही, अशी जागा शोध.

प्रबंध होईपर्यंत मी एक ओळही लिहिणार नाही, निरोप पाठवणार नाही, त्या वाटेला फिरकणार नाही. माझ्या हाताला मदतीची खाज आहे, ती मला ठाऊक आहे. हात मागे बांधून बसतो. तू सांगितलं होतंस तसं. उशिरा का होईना.

तुझा
मामा

ता.क. मी यांना सांगितलं होतं. — मामी

१६ एप्रिल

प्रिय मामा, प्रिय मामी,

आधी हे सांगते, मामा, तू खरंच एक ओळ पाठवली नाहीस. पहिले काही दिवस मला बरं वाटलं. मग रोज टपाल बघायला लागले. मग कळलं की गप्प बसायला तुला किती जड जात असेल, आणि माझा राग केव्हा उतरला ते माझं मलाच समजलं नाही.

आता सगळं सांगते. माया न करणारं माणूस मला कॉलेजच्या कोपऱ्यावरच मिळालं. प्रबंधाच्या प्रती काढून देणारं दुकान आहे, ते चालवणारी बाई म्हणजे आंबट चेहऱ्याचं झाड. मी एवढं लांबलचक समजावून सांगितलं. म्हणाली, "पाटी लाव, काढ, डोक्यावर घेऊन नाच. माझ्या मशीनला हात लावायचा नाही." मामा, मला तिला मिठी मारावीशी वाटली! अख्ख्या मार्चमध्ये तिने मला एकदाही विचारलं नाही की माझं काय चाललंय. मी पायरीवर पुस्तकाआड तक्ता धरून बसायचे आणि लोक आपापल्या मनाने यायचे, बसायचे, जायचे. पहिल्या दिवशी पहिला माणूस उठून गेला तेव्हा मला इतका आनंद झाला की त्याच्यामागे जाऊन त्याचे आभार मानावेत असं वाटलं. नाही मानले. मीही हात मागे बांधले.

आणि काय निघालं माहीत आहे? उलटं!

पाटी असली की लोक वाचायचे, "पाऊण तास? मग मी चाललो," आणि चालते व्हायचे. पाटी नसली की प्रत्येकाला वाटायचं, आता होईलच आपलं. एक मुलगा तर बाईंना सारखा विचारायचा, "झालंच ना आता?" त्या म्हणायच्या, "हूं." त्या एका "हूं"वर तो पाऊण तासापेक्षा कितीतरी जास्त बसला. लोकांना बसवून ठेवते ती माहिती नव्हे, आशा. माझं म्हणणं साफ चुकलं होतं.

दोन दिवस मी तक्त्यांकडे बघत राहिले. एखादा आठवडा गाळला असता तर माझं म्हणणं जरा तरी उभं राहिलं असतं. तुझा आरसा आठवला. सरळ धरला.

तोंडी परीक्षेला तीन परीक्षक होते. मधले, गंभीर चेहऱ्याचे, म्हणाले, "म्हणजे तुम्ही जे सिद्ध करायला निघालात ते चुकीचं ठरलं?"

"हो सर. पूर्ण."

"आणि ते चुकीचं आहे हे कोणी शोधून काढलं?"

"मीच."

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. कोपऱ्यात आमचे सर बसले होते. आता दोन्ही बाजूंनी सारखे, अगदी बारीक कापलेले. ते "समजा" म्हणाले आणि पहिल्यांदाच पुढे काही न बोलता नुसते हसले.

मामा, मला ऑनर्स मिळालं. पुढच्या अभ्यासाची जागाही पक्की झाली, कालच पत्र आलं.

प्रबंधाची प्रत वेगळी पाठवतेय. तिसऱ्या प्रकरणात तुमच्यावर एक परिच्छेद आहे. सरांनी तो काढू दिला नाही. इथे उतरवते, म्हणजे शिंपीकाकांना शोधत बसायला नको:

"यापूर्वी एका केशकर्तनालयात केलेली पाहणी रद्द करावी लागली. तेथील ग्राहकांना पाहणीचा हेतू ज्ञात होता आणि संशोधिकेचे म्हणणे खरे ठरावे अशी त्यांची तीव्र इच्छा होती. प्रस्तुत शास्त्रात माणूस स्वतःचा फायदा पाहून वागतो असे गृहीत धरले जाते. सदर ग्राहकांच्या बाबतीत हे गृहीत लागू पडले नाही."

तुझी
भिंगरी

२२ एप्रिल

चि. भिंगरीस मामा, मामी आणि अख्ख्या बाकाचे आशीर्वाद.

तुझं पत्र शिंप्यानेच वाचलं. आता तो पुन्हा बोलतो माझ्याशी. टोपी घालून बोलतो, पण बोलतो.

तुझा तो परिच्छेद त्याने तीनदा वाचला. पहिल्यांदा कोणाला काही कळलं नाही. दुसऱ्यांदा हेडमास्तरांनी अर्थ सांगितला. तिसऱ्यांदा वाचताना किल्लीवाला म्हणाला, "म्हणजे आपण रद्द झालो?" हेडमास्तर म्हणाले, "छापून रद्द झालो. सगळ्यांच्या नशिबात नसतं."

मी लगेच मिठाई आणायला माणूस धाडला. डबा फिरायला लागला. तेवढ्यात दाढीसाठी एक नवखा माणूस आला होता, त्याला काही संदर्भ नाही. त्याने मिठाई उचलली आणि विचारलं, "कशाबद्दल?"

मी म्हटलं, "माझी भाची चुकली!"

त्याचा हात तोंडाजवळच थांबला. "चुकली? मग मिठाई कसली?"

"अहो, साधीसुधी नाही. पूर्ण चुकली. आणि ते तिचं तिनेच शोधून काढलं, कागदावर लिहिलं, सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. वर त्याची पदवी मिळाली!"

तो हसायला लागला. मग शिंपी हसला, किल्लीवालाही हसला. मला राग आला. कातर खाली ठेवली आणि म्हटलं, "हसा, हसा. पण मला एक सांगा, या बाकावरचा कोण कधी चुकलाय असा? तीन परीक्षकांसमोर, ताठ मानेने?"

हेडमास्तरांनी घसा साफ केला.

"मी चुकलोय," ते म्हणाले. "पुष्कळदा चुकलोय. पण मान ताठ नव्हती."

आणि त्यांनी डबा स्वतःकडे ओढून घेऊन दुसरा तुकडा उचलला. कोणी अडवलं नाही.

तुझा
मामा